सविस्तर अहवाल थैलीने

साओ तेल्मो, १४ मार्च

प्रिय झुल्मिरा मावशी,

पोचलो एकदाचा. ब्राझिलियाहून लिस्बन, लिस्बनहून हे बेट. वाटेत एक बॅग हरवली ती चौथ्या दिवशी सापडली, आत सगळं होतं, फक्त तू दिलेला चीजचा गोळा नव्हता.

आपली वकिलात म्हणजे एका कापडदुकानाच्या माडीवरच्या तीन खोल्या. खाली मालकीण दिवसभर टराटरा कापड फाडते आणि वर मी दोन देशांचे संबंध दृढ करतो. खात्याने पाठवलेलं पहिलं खोकं काल उघडलं. त्यात पितळी राष्ट्रचिन्ह, राष्ट्राध्यक्षांची तसबीर आणि मेजवान्यांसाठी काचेचे दोनशे पेले निघाले, प्रत्येकावर सोनेरी राष्ट्रचिन्ह. खुर्ची एकही नाही. तसबीर भिंतीला लावली आणि तिच्याखाली रिकाम्या खोक्यावर बसलो.

तू हसशील, पण या वेळी मला थोडं खरं वाटतंय. शपथविधीच्या भाषणात आपले नवे राष्ट्राध्यक्ष म्हणाले ना, जगाच्या पंगतीत आपण आता वाढपी म्हणून उभे राहणार नाही, पानावर बसणार. मी दमलेला माणूस आहे, चव्वेचाळीस वर्षांचा, तीनदा बढती हुकलेला. तरी ते ऐकताना मान जरा ताठ झाली. नोव्हेंबरात त्या जागतिक संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि आपला उमेदवार उभा आहे. मतदान गुप्त, आणि देश केवढाही असो, मत एकच. म्हणून तर एवढ्याशा बेटावर वकिलात उघडली.

त्या मताच्या बदल्यात असं कुणी म्हणत नाही, पण इथले पंतप्रधान आपल्याकडे आले होते तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी भर सभेत वचन दिलं, की इथल्या इस्पितळात आम्ही अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी आईच्या दुधाची दूधपेढी उभारून देऊ. त्यात आपला देश खरंच हुशार आहे. हे काम मला आवडेल असं वाटतं.

पत्रं सरकारी थैलीतूनच पाठवत जाईन. तीन आठवड्यांनी एकदा सील होऊन जाते. तू अडतीस वर्षं खात्यात त्याच थैल्या फोडल्यास, तेव्हा जास्त काय सांगू.

तुझा,
जुरान्दिर


ब्राझिलिया, १० एप्रिल

जुरा,

चीज लिस्बनच्या कस्टमवाल्याने खाल्लं असणार. मी अडतीस वर्षं नोकरी केली, पण लिस्बनमधून चीज पार गेलेलं पाहिलं नाही.

तुझी मान ताठ झाली हे वाचून मला काळजी वाटली. माझ्या हातून चार सरकारांची चार नवी पर्वं गेली. एक लष्करवाल्यांचं, तीन नंतरच्यांची. प्रत्येक जण आला की भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायचा आणि गेला की आम्ही त्या उपटून डबीत भरायचो. डबी एकच होती. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमच्या खात्यात ते फार तर दीड वर्ष टिकतात. आणि ते पेले मोजून बघ. दोनशे नसतील, एकशे नव्व्याण्णव असतील. एक ओंदिनाच्या घरी आहे. ती माझ्या हाताखाली होती, आता थैल्यांच्या खोलीची मुख्य आहे. ते खोकं आम्ही तीन खंडांवर फिरवलंय.

तुला एक गंमत सांगते. आमच्या वेळी एक म्हातारे राजदूत होते. खोटं कधी लिहायचे नाहीत, पण कडू खरं तारेने कधी पाठवायचे नाहीत. तार आली की तिला नंबर पडतो. नंबर पडला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. म्हणून ते तारेत एकच ओळ लिहायचे: 'सविस्तर अहवाल थैलीने पाठवत आहे.' थैली येईपर्यंत इकडचा चिडलेला साहेब बदलीवर गेलेला असायचा. आम्ही बायका त्यावर फार हसायचो.

आणि एक ऐक. वचन सरकारने दिलं तर देऊ दे. तू स्वतःच्या तोंडाने देऊ नकोस. सरकारं वचन विसरतात आणि त्यांना झोप लागते. तुला लागणार नाही, तू तुझ्या आईवर गेलास.

कॉफी कसली मिळते तिकडे? पाण्यात विरघळणाऱ्या पावडरची असेल तर कळव, इथून चांगली पाठवते. तुझ्या आजोबांनी मीनासच्या डोंगरात जन्मभर कॉफी वाळवली. आपल्या घरात ती पावडर कधी शिरली नाही आणि मी जिवंत असेपर्यंत शिरणार नाही.

झुल्मिरा मावशी


साओ तेल्मो, २२ मे

प्रिय मावशी,

पेले एकशे नव्व्याण्णव निघाले.

कॉफीची काळजी करू नकोस. इथे प्रत्येकाच्या परसात कॉफीची चार झाडं आहेत. पावडरची कॉफी दिली तर हे लोक दोन देशांचे संबंध तोडतील. आणि माझी सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली आहे.

इस्पितळात फिलोमेना नावाच्या परिचारिका आहेत, पन्नाशीच्या. त्या आपल्याकडे येऊन तीन महिने शिकून गेल्या. दूधपेढीची खोली त्यांनी स्वतः चुना लावून तयार ठेवली आहे. मासळीच्या कंपनीकडून एक जुना फ्रीजर मागून आणला आहे. अडलंय ते दूध ठरावीक उष्णतेवर तापवून निर्जंतुक करणाऱ्या मशीनपाशी. ते आपण देणार. मी गेलो तेव्हा त्या मशीनचं नाव काढणार म्हणून मी आधीच घसा साफ केला.

"मशीनचं मी विचारत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "ते विचारून विचारून आमच्या मंत्र्यांची तोंडं दुखली. तुम्ही मला बरण्या देऊ शकता का?"

मावशी, तुमच्या ब्लॉकखाली सकाळी अग्निशमनवाले येतात ना, ज्या बाईला दूध जास्त आहे तिच्या घरून गोठवलेल्या दुधाच्या बरण्या न्यायला? त्याच बरण्या. पावडरच्या कॉफीच्या, काचेच्या, प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या. पत्र्याचं झाकण गंजतं. आपल्याकडे त्या कचऱ्यात जातात. या बेटावर एकही नाही, कारण ती कॉफीच कुणी पीत नाही.

मी मोठ्या ऐटीत राष्ट्रचिन्हाचे पेले दाखवले. त्यांनी एक उलटा करून नखाने सोनेरी रंग खरवडला. "हा उकळला की दुधात उतरेल. आणि झाकण कुठंय?" म्हणाल्या.

मग त्यांनी मला भिंतीवरची यादी दाखवली. गेल्या वर्षी दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि न जगलेली मुलं, एकवीस. त्या नाजूक आतड्यांना डब्याचं दूध सोसत नाही, आणि आईला कधी दूध येत नाही, कधी आईच राहत नाही. नावं नाहीत यादीत, आईचं नाव आणि मुलाचं वजन फक्त. एवढ्या हलक्या वजनाची माणसं असतात हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बरण्या मी आणून देतो. मशीनही येईल, माझा शब्द." हो मावशी, स्वतःच्या तोंडाने.

तेव्हा आता तूच काहीतरी कर.

जुरान्दिर


ब्राझिलिया, २७ जून

जुरा,

पालथ्या घड्यावर पाणी. एवढं लिहून झाल्यावर तू तेच केलंस.

सोबत खोकं आहे, छत्तीस बरण्या. ओंदिनाने वरती 'वकिलातीचे कागदपत्र, नाजूक' अशी चिठ्ठी लावली. मी म्हटलं, कागद नाजूक कधीपासून झाले? ती म्हणाली, बाई, आपल्या खात्यातले सगळे कागद नाजूकच असतात.

दारोदार फिरून बरण्या जमवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशाने आधी मला भीक मागणारी समजून चिल्लर दिली, मग ओळखल्यावर अकरा बरण्या दिल्या. एवढा विद्वान माणूस आणि पावडर पितो. आमच्या पहारेकऱ्याच्या बायकोने सात दिल्या. तरी सहा कमी पडत होत्या. त्या मी विकत आणल्या आणि आतली पावडर फेकायचा जीव होईना, म्हणून सध्या पिते आहे. याबद्दल एक अक्षर बोलू नकोस.

प्रत्येक झाकणावर लिहिलं आहे की धुतलेली आहे, उकळलेली नाही. तुझ्या नर्सबाईंना सांग, उकळून घ्या.

मशीनचं काय झालं ते कळव. तू कळवलं नाहीस तर मी समजून घेईन, पण समजून घेणं मला आता नकोसं झालंय.

झुल्मिरा मावशी


साओ तेल्मो, १९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

बरण्या पोचल्या, चार फुटल्या. फिलोमेनाबाईंनी बत्तीसच्या बत्तीस ओळीने मांडून ठेवल्या आणि मला कॉफी दिली. बेटाला बंब एकच आहे, त्याची पाण्याची टाकी गळते, म्हणून चालकाने आनंदाने बरण्या आणायचं काम घेतलं. म्हणाला, आग विझवता येत नाही, निदान दूध तरी आणू. पण मशीनशिवाय ते दूध फक्त गोठवून ठेवता येतं, पाजता येत नाही.

मशीन आपल्या सांतुस बंदरात पेटीत बंद उभं आहे. मी चार तारा केल्या. चौथ्या तारेला उत्तर आलं की 'सहकार्याच्या वस्तू मतदानानंतर पहिल्या जहाजाने.' मतदानानंतर. मी तो कागद फिलोमेनाबाईंना दाखवला नाही. त्यांना म्हटलं, कस्टमची अडचण आहे.

मतासाठी सध्या बेटावर जेवणावळी चालू आहेत. दुसऱ्या उमेदवाराच्या देशाने इथे फुटबॉलचं मैदान बांधून दिलं, आठ हजार खुर्च्यांचं. बेटावर फुटबॉल बघणारी माणसं दोन हजार. परराष्ट्रमंत्री दोतोर बेलार्मिनो भला माणूस आहे. सकाळी शाळेत गणित शिकवतो आणि दुपारी परराष्ट्र धोरण बघतो. परवा म्हणाला, "जुरान्दिर, वर्षभर आमचा फोन कुणी उचलत नाही. मत द्यायचं असलं की दिवसाला दोन दोन दुपारची जेवणं. माझं पोट बिघडलंय." पण मत आपल्यालाच, असं त्याने हातात हात घेऊन सांगितलं. मी तसं खात्याला खात्रीने कळवलं. मैदान काय, पुढच्या वर्षी गवत वाळेल.

गेल्या मंगळवारी जासिंता नावाच्या मासळीवालीला जुळं झालं, सातव्या महिन्यात. एक मुलगी रविवारी गेली. तेव्हा मी तिथेच होतो, दुसऱ्याच कसल्याशा कागदावर सही घ्यायला गेलो होतो. फ्रीजरमध्ये नऊ बरण्या भरलेल्या होत्या, मावशी. फिलोमेनाबाई फ्रीजरचं दार उघडून उभ्या राहिल्या आणि पुन्हा लावून घेतलं. मग वजन लिहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी मुलगी आहे अजून.

जुरान्दिर


ब्राझिलिया, १२ ऑक्टोबर

जुरा,

इथे रोज रात्रीच्या बातम्यांत आपल्या उमेदवाराचं हसू दाखवतात. आमच्या न्यायाधीशाने गच्चीवर झेंडा लावला.

तुझ्या मागच्या पत्रात फिलोमेनाबाईंचं नाव किती वेळा आलं ते बघ. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. तुझी बायको तुला सोडून गेली त्याला सहा वर्षं झाली. बाई पन्नाशीची असली तरी माझी काही हरकत नाही. कॉफी चांगली करते म्हणतोस.

दुसरं खोकं पाठवते आहे, चाळीस. न्यायाधीश आता माझ्यासाठी मुद्दाम भराभर पितो, त्याचा रक्तदाब वाढला तर बोल मला लागेल.

ती दुसरी कशी आहे? तेवढं आधी लिही, बाकीचं मागून.

झुल्मिरा मावशी


साओ तेल्मो, ४ डिसेंबर

प्रिय मावशी,

दुसरी मुलगी जगते आहे. जासिंताला उशिरा का होईना दूध आलं. फिलोमेनाबाईंना नवरा आहे, तीन मुलगे आहेत, आणि माझ्याबद्दल त्यांना जे वाटतं त्याला आशा म्हणता येणार नाही. तेव्हा ते सोड.

आपण तीन मतांनी हरलो हे तू पाहिलं असशीलच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोतोर बेलार्मिनो माडी चढून आला, हातात खडूचा डाग. माझ्याकडे आता दोन खुर्च्या आहेत, पण तो खोक्यावरच बसला.

"तुम्हाला मत दिलं नाही," तो म्हणाला. "त्यांना दिलं."

मी म्हटलं, "दोतोर, मतदान गुप्त होतं. हे सांगायची गरज नव्हती."

"वर्गात पोरांनी नक्कल केली तर मी उभं करतो. मग स्वतःला काय म्हणू? त्यांनी मैदान बांधलं, आणि बंदराचा धक्का बांधणार आहेत. तुम्ही वचन दिलं. तुमचं वचन चांगलं होतं, पण मैदान दिसतं हो. पंतप्रधानांनी ठरवलं. मी फक्त तुमचा हात हातात घेतला होता, ते मला टोचतंय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता मशीन येणार नाही ना?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने खोटं सांगितलं ते मी खात्याला खरं म्हणून कळवलं, आणि खात्याचं खोटं मी फिलोमेनाबाईंना कस्टम म्हणून सांगितलं. कुणी कुणावर रागवायचं?

चार दिवसांनी खात्याची तार आली, सगळ्या वकिलातींना एकच. 'यजमान देशाने कुणाला मत दिले ते तात्काळ कळवा. विरोधात मत देणाऱ्या देशांची यादी करून त्यांचे सहकार्य थांबवण्यात येईल. यादीत नसलेल्यांचे सामान १५ जानेवारीच्या जहाजाने रवाना होईल.'

एक दिवस मी ती तार समोर ठेवून बसलो. खरं लिहिलं तर मशीन सांतुसलाच राहणार. खोटं लिहिलं तर मशीन येईल, पण वीस वर्षं मी सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. माझ्याकडे बढती नाही, बायको नाही, घर नाही. तेवढी एकच गोष्ट आहे. खाली मालकीण कापड फाडत होती. त्या आवाजात एकदम मला तुझा म्हातारा राजदूत आठवला.

खरं सगळं लिहून काढलं, अकरा पानं. मैदान, धक्का, बेलार्मिनोचा खडू, माझी चुकीची खात्री, काहीच ठेवलं नाही. पाकिटात घालून थैलीत टाकलं आणि थैली सील केली. तारेच्या उत्तरात एकच ओळ पाठवली: 'सविस्तर अहवाल थैलीने पाठवत आहे.'

थैली ब्राझिलियाला नाताळच्या तोंडावर पोचेल. नाताळापासून फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत आपल्या देशात कोण काय उघडतं ते तुला माहीत आहे. जहाज पंधरा जानेवारीला सुटतं. मी खोटं बोललो नाही, मावशी. फक्त खरं जरा हळू पाठवलं. हे वाक्य मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते थोडं कमी पटतं.

तू काय म्हणतेस?

जुरान्दिर


साओ तेल्मो, २० फेब्रुवारी

मावशी,

तीन थैल्या येऊन गेल्या, तुझं पत्र नाही. बरण्यांचं आणखी एक खोकं आलं, पण आत चिठ्ठी नव्हती. तब्येत बरी नाही, की माझी लाज वाटली? दुसरं असेल तर तसं लिही, मला चालेल.

मशीन ११ तारखेला उतरलं. बंबवाल्याने बंदरावरून इस्पितळापर्यंत घंटा वाजवत नेलं. पहिलं तापवलेलं दूध एका अकराशे ग्रॅमच्या मुलाला मिळालं, नळीतून, चमचाभर. फिलोमेनाबाईंनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, "बघा, साहेब." मी बघितलं. त्यांना वाटलं मी हसेन. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो.

कारण त्याच सकाळी तार आली होती. वकिलात जूनअखेर बंद. कार्निव्हल संपला, थैली उघडली, माझी अकरा पानं वाचली आणि या बेटाला शिक्षा झाली, दुसरं काय? मशीन आलं, पण ते बिघडलं तर सुटा भाग मागायला इथे कुणी राहणार नाही. बेलार्मिनोला मी तोंड दाखवत नाही. खरं हळू पाठवलं तरी ते पोचतंच, एवढं म्हाताऱ्या राजदूताने सांगायला हवं होतं.

जुरान्दिर


ब्राझिलिया, २६ मार्च

जुरा,

तब्येतीला धाड भरलेली नाही. लाजच वाटली, पण तुझी नाही. आधी तुझं सांगते, मग माझं.

तुझं पत्र वाचलं आणि आठवड्याने ओंदिनाला गाठलं. तुझं पाकीट डिसेंबरच्या तेविसाव्या तारखेला आलं, तिने स्वतः वही भरून वरच्या मजल्यावर पाठवलं. ज्या साहेबाच्या नावाने होतं, त्याला निवडणूक हरल्याबद्दल दुसरीकडे पाठवलं. नव्या साहेबाने आल्या दिवशी सांगितलं, 'त्या निवडणुकीचं काही मला दाखवू नका, सगळं दप्तरात टाका.' तुझं पाकीट दप्तरात आहे, जुरा. न फोडलेलं. कुणीही ते वाचलेलं नाही. तिथले कागद पंधरा वर्षांनी खुले करायचा नियम आहे, तेव्हा एखादा अभ्यासू पोरगा उघडेल आणि जांभई देईल.

आणि ती यादी, विरोधात मत देणाऱ्यांची? ती झालीच नाही. पन्नासेक वकिलातींकडून एकच ओळ आली होती: 'सविस्तर अहवाल थैलीने.' ओंदिना म्हणते, इतकं हसले ते लोक, की विषय तिथेच संपला. तुला वाटलं ती युक्ती तुझी आणि माझी.

वकिलात बंद होण्याचं म्हणशील, तर बंद करायच्या बावीस ठिकाणांची यादी ओंदिनाने पाहिली आहे. तिच्यावर तारीख ऑक्टोबरची आहे. मतदानाच्या आधीची. तू जेवणावळीत मत मागत होतास, तेव्हाच तुझ्या दाराला कुलूप लागलं होतं. तुझ्या खऱ्याने कुणाला शिक्षा झाली नाही आणि खोट्यानेही झाली नसती. हे ऐकून तुला हलकं वाटेल की आणखी जड, मला सांगता येत नाही. मला जड वाटलं.

आता माझं. मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा असंच एक नवं पर्व होतं आणि असाच एक लहान देश. तिथे आपण एक तंत्रशाळा बांधत होतो, भिंती झाल्या होत्या, छप्पर राहिलं होतं. इकडे साहेब बदलले. काम थांबवा, अशी तार माझ्या टेबलावर आली, सांकेतिक आकड्यांत बसवून पाठवायला. मला तीन मिनिटं लागली. तिथल्या आपल्या माणसाने नंतर थैलीतून एक फोटो पाठवला, बिनछपराच्या खोलीत पोरं जमिनीवर वह्या घेऊन बसलेली. तो मी दप्तरात टाकला. मला तेव्हा म्हाताऱ्या राजदूताची युक्ती माहीत होती. ती तार मी खालच्या ढिगात एक आठवडा सरकवू शकले असते, छप्पर चढलं असतं. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझ्या मनात आलं. म्हणून लिहायला इतके दिवस लागले. तुला शाबासकी द्यायला बसले की ती तीन मिनिटं आठवायची.

बरण्या थांबणार नाहीत. थैली बंद झाली तर टपाल आहे, फिलोमेनाबाईंच्या नावाने सरळ पाठवत जाईन. मशीनचा सुटा भाग लागला तर त्यांनी मला लिहावं. खात्याला लिहू नये.

काल ओंदिना घरी आली होती. कॉफीचा घोट घेऊन थबकली आणि म्हणाली, "बाई, तुमची कापडी गाळणी कुठंय?" मी म्हटलं, धुऊन वाळत टाकलीय. खरं म्हणजे ती ऑगस्टपासून वाळते आहे.

झुल्मिरा मावशी


लिस्बन विमानतळ, ३० जून

प्रिय मावशी,

हे साध्या टपालाने टाकतो आहे, तेव्हा पत्राआधी बहुधा मीच पोचेन. तरी लिहितो, सवय.

तुझं पत्र वाचून मला हलकंही वाटलं नाही आणि जडही नाही. दोन दिवस झोपलो फक्त. मग बेलार्मिनोकडे जाऊन सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, "म्हणजे आम्ही कुणाला मत दिलं ते अजून कुणालाच माहीत नाही?"

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुम्ही एकटेच आम्हाला विचारणारे होतात, आणि एकट्यालाच खरं सांगितलं. चला, हिशोब जुळला," गणिताचा मास्तर म्हणाला. "पुढच्या निवडणुकीत आमचं मत तुम्हाला."

"आम्ही आता उभेच राहणार नाही, दोतोर."

"म्हणून तर बिनधास्त देतोय."

झेंडा मी एकट्याने उतरवला. तसबीर, पितळी चिन्ह आणि पेले खोक्यात भरून परत पाठवले. पेले एकशे अठ्ठ्याण्णव आहेत, ओंदिनाला सांग. एक कापडवाल्या मालकिणीने ठेवून घेतला, त्यात ती टाचण्या ठेवते.

वकिलातीची गाडी विकली होती, म्हणून विमानतळावर बंबवाल्याने सोडलं. वाटेत तीन घरी थांबला. मी म्हटलं, अरे, विमान चुकेल. तो म्हणाला, "विमान उद्या पण आहे, साहेब." तिसऱ्या घरी दारात जासिंता उभी होती, कडेवर ती दुसरी मुलगी, मजबूत, माझ्या चष्म्याला हात घालणारी. जासिंताला आता दूध जास्त होतं. तिने गोठलेली बरणी माझ्या हातात दिली, कारण पुढच्या बाकावर मीच होतो.

विमानतळापर्यंत ती मांडीवर धरून बसलो. पँट ओली झाली, गुडघे गारठले. झाकणावर तुझं अक्षर होतं, दप्तरी वळणाचं, एकेक अक्षर सुटं: धुतलेली आहे. उकळलेली नाही. सांकेतिक काही नाही, नंबर नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेला हा एकच सरकारी थैलीतला मजकूर, ज्यात लिहिलं होतं तेवढंच खरं होतं आणि तेवढं पुरलं होतं.

उतरताना बरणी बंबवाल्याकडे दिली. हात इतके बधिरले होते की पासपोर्ट धरता येईना.

मावशी, ती तंत्रशाळा तू विसरली नाहीस, म्हणून या बरण्या आल्या. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मंगळवारी दुपारी घरी येतो. गाळणी शोधत बसू नकोस. पावडरचीच कर, बरणी लवकर रिकामी होईल.

तुझा,
जुरा